आबांची पाऊणकी

पंचाण्णव वर्षं एकाच वाडीत काढलेल्या हरिहरेश्वरच्या एका आजोबांची गोष्ट. सगळे त्यांना निसर्गप्रेमी म्हणायचे. त्यांनी स्वतः हा शब्द कधी वापरला नाही.

शुक्रवारी संध्याकाळी साडेपाचच्या सुमारास आमच्या ऑफिसात एक ठरलेला सीन असतो. कुणीतरी खुर्ची मागे सरकवतं, कुणीतरी ओरडतं, ‘चला, या वीकेण्डला समुद्र!’ आणि सगळ्या माना माझ्याकडे वळतात. कारण मी ‘हरिहरेश्वरची’. मग प्रश्नांची सरबत्ती. रूम मिळेल का? सुरमई मिळेल का? गाडी थेट बीचवर नेता येते का? (नेऊ नका, रुतते. आणि मग काढायला आमच्याच गावातली पोरं लागतात.)

मी मोबाइलवर तिथी बघते, मनातल्या मनात एक गुणाकार करते आणि सांगते, ‘शनिवारी पंचमी आहे. साडेआठ ते अकरामध्ये प्रदक्षिणा उरकून घ्या. त्यानंतर खडकांवर उतरायचं नाही.’

‘हे कुठलं अॅप?’ नवीन आलेल्या एका मुलाने मागे विचारलं होतं.

‘अॅप नाही. आबा.’

आबा म्हणजे माझे आजोबा. जन्म १९२७ चा, गेले नोव्हेंबर २०२२ मध्ये. ऑफिसातून मिळणाऱ्या तीन दिवसांच्या सुटीत मी त्यांचं सगळं उरकून परत आले आणि सोमवारी क्लायंट कॉलला बसले. तेव्हा नीट आठवायला वेळच मिळाला नाही. ते आता करतेय.

ज्यांनी हरिहरेश्वर पाहिलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. रायगड जिल्ह्याच्या किनाऱ्याचं हे दक्षिणेचं टोक. महाबळेश्वरला उगम पावणारी सावित्री नदी इथे बाणकोटच्या खाडीतून समुद्राला मिळते. चार टेकड्या, त्यांच्या पायथ्याशी देऊळ. आधी काळभैरवाचं दर्शन, मग हरिहरेश्वराचं. देवळाच्या मागून डोंगर चढायचा, मग खडकाच्या फटीतून पायऱ्या उतरून थेट समुद्रावर आणि तिथून लाटांनी झिजवलेल्या खडकाच्या भल्यामोठ्या ओट्यावरून डोंगराला वळसा घालून परत देवळाशी. ही प्रदक्षिणा. बाजूच्या कड्यावर मधमाश्यांच्या पोळ्यासारखी छिद्रं पडलेली दिसतात. खाऱ्या पाण्याचं मीठ दगडात शिरून शिरून दगड पोखरतो, त्याची ही कलाकुसर. भूगोलाची पोरं वह्या घेऊन येतात ती हेच बघायला. पण हा ओटा उघडा असतो फक्त ओहोटीला. भरतीला तिथे समुद्र असतो. शहरातून आलेल्या माणसाला हे कळत नाही, आणि या खडकांवरून लाटेने ओढून नेलेल्यांची संख्या कमी नाही.

म्हणून आबांची पाऊणकी.

पाऊणकीचा फंडा

आपल्या आजोबांच्या पिढीला शाळेत पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी पाठ करावी लागायची. पाऊणकी म्हणजे पाऊणचा पाढा: एक पाऊण पाऊण, दोन पाऊणे दीड, तीन पाऊणे सव्वादोन. कोकण किनाऱ्यावर तिथीला पाऊणने गुणलं की साधारण पूर्ण भरतीची वेळ निघते. पंचमी असेल तर पाच पाऊणे पावणेचार. म्हणजे पहाटे आणि दुपारी पावणेचारच्या आसपास भरती. त्यात सहा तास मिळवा, म्हणजे पावणेदहाला ओहोटी. अष्टमीला सहाला भरती, बाराला ओहोटी. पौर्णिमेनंतर परत प्रतिपदेपासून मोजायचं. कारण सोपं आहे: चंद्र रोज पाऊण तासाच्या थोडा वर उशिरा डोक्यावर येतो, आणि पाणी त्याच्यामागे. हिशेब अंदाजाचा आहे, अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतोच. तेव्हा पाण्यात उतरण्याआधी छापील वेळापत्रक बघा, आणि गावकरी ‘नको’ म्हणाला तर ऐका.

एकच घर, तीन पत्ते

आबा गेल्यावर गावातल्या चौकात मंडळाने श्रद्धांजलीचा फ्लेक्स लावला. फेटेवाला फोटो नव्हता म्हणून लग्नातल्या ग्रुप फोटोतून त्यांचा चेहरा कापून लावलेला. खाली लिहिलं होतं: ‘ज्येष्ठ निसर्गप्रेमी’. माझ्या काकूने तो वाचला आणि म्हणाली, ‘मामंजींना हे कुणी सांगितलं असतं तर त्यांनी विचारलं असतं, म्हणजे नेमकं काय करायचं?’

काकूचं बरोबर होतं. आबा ‘निसर्ग’ म्हणत नसत. ते ‘वाडी’ म्हणत, ‘पाणी’ म्हणत, ‘वारा’ म्हणत. वीस गुंठ्यांची वाडी, म्हणजे तुमच्या भाषेत अर्धा एकर. त्यात २८० पोफळी, ३४ माड, पोफळींवर चढवलेले मिरवेल, मधेमधे जायफळ, कडेला रातांबे आणि दोन फणस, आणि सगळ्याला वेढा घातलेला जांभ्या दगडाचा गडगा. पोफळ म्हणजे सुपारीचं झाड, हे ऑफिसातल्या निम्म्या लोकांना मला समजावून सांगावं लागतं. श्रीवर्धनचा ‘रोठा’ ज्यांच्या घरी पानाचं तबक असायचं त्यांना माहीत असेल. मोठी सुपारी, कापली की आत पांढरा भाग जास्त. पिकलेली फळं खळ्यात महिना-दीड महिना उन्हात वाळवायची, मग सोलायची. आमच्या लहानपणी दिवाळीच्या सुटीनंतरचं खळं केशरी सुपारीने भरलेलं असे आणि त्यावर अनवाणी चालायची शर्यत लागे.

आबांचा जन्म झाला तेव्हा श्रीवर्धन आणि आसपासचा मुलूख जंजिरा संस्थानात होता. नवाबाचं राज्य. १९४८ मध्ये संस्थान विलीन झालं आणि आबा कुलाबा जिल्ह्यात आले. १९६० मध्ये महाराष्ट्र झाला. १९८१ मध्ये कुलाब्याचं रायगड झालं. तेव्हा मुख्यमंत्री होते शेजारच्या म्हसळा तालुक्यातल्या आंबेतचे अंतुले, त्यामुळे आमच्याकडे त्या बदलाची जरा जास्तच चर्चा. एवढं सगळं झालं आणि आबा त्याच पडवीत, त्याच बाकावर बसून होते. मी तीन वर्षांत दोन कंपन्या आणि चार भाड्याची घरं बदलली तेव्हा त्यांना फोनवर प्रत्येक नवीन पत्ता सांगायचे. ते फक्त विचारायचे, ‘पाणी कुठून येतं?’ ‘नळाला येतं आबा.’ ‘ते नव्हे. नळाला कुठून येतं?’ मला एकदाही सांगता आलं नाही.

तरुणपणी आबाही मुंबईला गेले होते. १९५० मध्ये, गिरगावात एका छापखान्यात. कोकणातल्या प्रत्येक घरातला एक पुरुष मुंबईला जायचाच, मनिऑर्डर पाठवायचाच. आबा आठ महिन्यांत परत आले. का, असं विचारलं की एकच उत्तर: ‘शिंपणं होतं.’

शिंपणं होतं

हे ‘शिंपणं होतं’ आमच्या घरात विनोद म्हणून वापरलं जायचं. पाऊस संपला की पुढचा पाऊस येईपर्यंत पोफळीला एक दिवसाआड पाणी लागतं. आधी बैलांचा रहाट, मग इंजिन, मग विजेचा पंप. पंप आला तरी पाट फिरवायला, आळी बघायला माणूस लागतोच. या कारणावरून आबा सख्ख्या मेव्हण्याच्या लग्नाला गेले नाहीत. बाबांच्या कॉलेजच्या बक्षीस समारंभाला गेले नाहीत. आजीला त्यांनी कधी कुठे नेलं नाही. तिने पंढरपूर पाहिलं ते वयाच्या एकसष्टाव्या वर्षी, आत्याबरोबर. परत आली तेव्हा आबांनी विचारलं, ‘कशी आहे चंद्रभागा?’ आजी म्हणाली, ‘आहे तिथेच आहे. तुम्ही यायचे होतात.’ आणि आत निघून गेली.

मी आबांची लाडकी होते, तरी हे लिहायलाच हवं. झाडावर जीव लावणाऱ्या माणसाचं घरातल्यांना कौतुक वाटतं ते बहुतेक त्याच्या माघारी. तो असताना घरातली बाई चुलीपाशी आणि विहिरीपाशी त्याच झाडांची चाकरी करत असते. आजीला एकदा विचारलं होतं, तुला वाडी आवडते का? ती म्हणाली, ‘मला कुणी विचारलं नाही.’ ती २०१५ मध्ये गेली. त्यानंतर आबा रोज संध्याकाळी तिच्या तुळशीला स्वतः पाणी घालत. आधी कधी घातलं नव्हतं.

तरीही माणूस घराचाच होता. तीन मुलगे, दोन मुली, सगळ्यांची शिक्षणं सुपारीवर झाली. पाड्याच्या दिवसांत पाडेली कमरेला कोयती लावून पोफळीवर चढायचा आणि शेंड्यावरून झोका घेत शेजारच्या पोफळीवर जायचा, तिथून तिसरीवर. खाली न उतरता. आबा सत्तरीपर्यंत हे स्वतः करत. आम्ही नातवंडं खाली पोफळीच्या गळून पडलेल्या विऱ्यांवर बसून एकमेकांना ओढत असू, आणि वर आभाळात आजोबा झोके घेत असत. आता ऑफिसच्या टीम बिल्डिंगला दोरीवरून सोडतात, हेल्मेट घालून, फोटो काढून. सॉरी, पण मला काहीच वाटत नाही.

मूल जन्मलं की एक झाड लावायचं हा घरचा नियम. मुलांच्या नावाचे पाच माड विहिरीच्या कडेला होते. नातवंडांच्या वेळी माडाला जागा उरली नाही, म्हणून जायफळं. माझं १९९४ चं. जायफळाचं एक वैशिष्ट्य आहे: नर झाड वेगळं, मादी वेगळं, आणि फुलं येईपर्यंत कुठलं काय ते कळत नाही. सात-आठ वर्षं खतपाणी घालायचं आणि मग निकाल. माझं झाड आठव्या वर्षी फुललं आणि नर निघालं! फळ म्हणून धरणार नाही. चुलतभावंडांनी मला मे महिनाभर पिडलं. काका म्हणाला, तोडू या, जागा अडते. आबा म्हणाले, ‘दहा माद्यांमागे एक नर लागतो. कुणीतरी नर व्हायला हवंच.’ झाड राहिलं. शेजारच्या तीन वाड्यांतली जायफळंही त्याच्या जिवावर धरत होती, असा आबांचा दावा होता. खरंखोटं तेच जाणे.

४८ कॅलेंडरं

आबांची दुसरी संपत्ती माजघराच्या भिंतीवर होती. ‘कालनिर्णय’. १९७५ पासून २०२२ पर्यंत ४८ वर्षांची कॅलेंडरं, एकही रद्दीत न गेलेलं. सुंभाने बांधलेली पेन्सिल कायम खिळ्याला लटकलेली. मूळ हेतू तिथी बघून भरती काढायचा. पण हळूहळू प्रत्येक चौकटीत बारीक अक्षरात काहीबाही येत गेलं. पहिला पाऊस, वारा कुठून. कुठल्या पोफळीला पोय फुटली, म्हणजे तिचा फुलोरा बाहेर आला. रातांबे कधी पिकले. हळद्या पक्षी कधी दिसला. आणि त्याच अक्षरात, त्याच आकारात घरातल्या गोष्टी. माझ्या जन्माच्या चौकटीत लिहिलंय: ‘मधल्यास मुलगी. जायफळ लावलं. पाऊस तिसरा दिवस.’ बाबांना नोकरी लागली त्या दिवशी: ‘नोकरी लागल्याची तार. पंप बिघडला.’ आजी गेली त्या दिवशीची चौकट कोरी आहे. त्यापुढचे अकरा दिवसही.

ही कॅलेंडरं आता माझ्याकडे आहेत आणि कधीकधी रात्री मी ती चाळते. एखादं वर्ष सरळ ओळीने वाचलं तर काही नाही, पण पंधरा-वीस वर्षं एकत्र वाचली की चित्र दिसायला लागतं. १९८० च्या सुमारास ‘गिधाडं’ हा शब्द सारखा येतो: बारा बसली, वीस बसली. मग आकडे घटतात. १९९८ च्या एका चौकटीत आहे: ‘मेलेली गाय तीन दिवस पडून. गिधाड एक नाही.’ जनावरांना दिलं जाणारं डायक्लोफिनॅक हे दुखण्यावरचं औषध गिधाडांच्या मुळावर आलं हे शास्त्रज्ञांनी पुढे सिद्ध केलं आणि २००६ मध्ये भारतात जनावरांसाठी त्यावर बंदी आली. आमच्या बाजूच्या म्हसळ्यात, चिरगावच्या जंगलात, महाडच्या ‘सीस्केप’ संस्थेने आणि प्रेमसागर मेस्त्रींनी उरलीसुरली गिधाडं जपण्यासाठी खूप काम केलंय. आबांना यातलं काहीच माहीत नव्हतं. त्यांना फक्त गाय पडून राहिलेली दिसली, आणि त्यांनी ते लिहून ठेवलं.

कासवांचं मात्र त्यांना माहीत होतं, आणि तिथे त्यांचा स्वतःचा हिशेब चुकता करायचा होता. किनाऱ्यावर कासवाची अंडी खाणं पूर्वी सर्रास होतं. आबांनीही खाल्ली होती, लपवायचे नाहीत. खाडीपलीकडच्या वेळासला चिपळूणच्या ‘सह्याद्री निसर्ग मित्र’ संस्थेने भाऊ काटदरेंच्या पुढाकाराने २००२ पासून ऑलिव्ह रिडले कासवांची घरटी राखायला सुरुवात केली. पुढे तिथे कासव महोत्सव होऊ लागला, मुंबई-पुण्याची गर्दी लोटायला लागली. २०१२ मध्ये माझी बारावीची परीक्षा संपली आणि आबा म्हणाले, मला ते बघायचंय. वय ८५! शिंपण्याचं काय, असं मी मुद्दाम विचारलं. म्हणाले, ‘तुझा काका करील एक दिवस.’ आजी पडवीत गहू निवडत होती. तिने नुसतं वर पाहिलं.

बागमांडल्याहून फेरीबोटीने वेश्वी, तिथून रिक्षाने वेळास. सकाळी टोपली उचलली तर खाली वाळूतून पिल्लं वर येत होती, तळहातावर मावतील एवढी. त्यांना समुद्राच्या अलीकडे सोडलं. आपली आपण चालत गेली. सगळे मोबाइल काढून उभे होते, आबा हात मागे बांधून. एका घरट्यात शंभराच्या आसपास अंडी असतात असं तिथल्या पोराने सांगितलं. परतीच्या बोटीत आबा बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, ‘मी दोन घरटी तरी खाल्ली असतील.’ थोड्या वेळाने, ‘चवीला काही विशेष नसतात.’

वाऱ्याला पाऊणकी नाही

३ जून २०२०. तुम्हाला तो लॉकडाऊन आठवत असेल. आम्ही सगळे घरात कोंडलेले, मुंबईच्या किनाऱ्याला चक्रीवादळाचा इशारा. सकाळी नऊच्या सुमारास बाबांनी गावी फोन लावला. आबांनी स्वतः घेतला. वय ९३, आवाज खणखणीत. ‘आज द्वादशी. नऊला भरती. दुपारी वादळ येईल तेव्हा पाणी मागे गेलेलं असेल. पाणी नाही यायचं वाडीत.’

‘आणि वारा?’ बाबांनी विचारलं.

‘वाऱ्याला पाऊणकी नाही.’

कौलारू घर सोडून शाळेत जायला ते तयार नव्हते. सरकारी माणसं दोनदा येऊन गेली, काका चिडला, उपयोग शून्य. शेवटी काकूने भिंतीवरचं २०२० चं कॅलेंडर काढलं, पेन्सिलीसकट काखेत मारलं आणि म्हणाली, ‘मामंजी, कॅलेंडर शाळेत चाललंय. तुम्हाला यायचं तर या.’ आबा आले.

साडेबारा ते अडीचच्या दरम्यान ‘निसर्ग’ चक्रीवादळ अलिबागच्या दक्षिणेला, दिवेआगरच्या आसपास किनाऱ्यावर आदळलं. ताशी शंभर-एकशेवीस किलोमीटरचा वारा. श्रीवर्धन तालुका त्याच्या ऐन वाटेत. त्यानंतर फोन बंद. सहा दिवस आम्हाला आबा, काका, काकू आहेत की नाहीत हे माहीत नव्हतं. बाबा रोज रात्री जेवायला बसायचे आणि ताटावरून उठायचे. मी ऑनलाइन मीटिंगमध्ये कॅमेरा बंद करून ई-पासच्या अर्जावर अर्ज भरत होते. अकरा तारखेला आम्ही पोचलो. विजेचे खांब काडीसारखे वाकलेले, रस्ते आडव्या झाडांमधून करवतीने वाट कापून मोकळे केलेले.

पाणी आलं नव्हतं. आबांचं बरोबर होतं. घराची कौलं मात्र निम्मी उडालेली, आणि वाडीत आभाळ दिसत होतं. हे कसं सांगू? त्या वाडीत जन्मापासून मी कधी एवढं आभाळ पाहिलं नव्हतं. भर दुपारी सुद्धा तिथे हिरवा काळोख असायचा. पोफळी मधूनच मोडलेल्या, माड मुळासकट उपटलेले. माझं नर जायफळ गडग्यावर आडवं. मुलांच्या नावाच्या पाच माडांपैकी दोन उभे होते; त्यातला एक बाबांचा. बाबांनी त्याला हात लावला आणि बराच वेळ तसेच उभे राहिले.

कॅलेंडरात त्या दिवसाच्या चौकटीत होतं: ‘वारा. पोफळी २१३. माड १९.’ आबांनी चार दिवस काठी टेकत एकेक मोजली होती. मला विचारलं, या वादळाला नाव काय म्हणे? मी सांगितलं, निसर्ग. या समुद्राभोवतीचे देश आळीपाळीने नावं देतात, हे बांगलादेशाने दिलेलं. आबांनी पेन्सिल घेतली, ‘वारा’ खोडलं आणि वर ‘निसर्ग’ लिहिलं. अठ्ठेचाळीस कॅलेंडरांत तो शब्द मला तेवढा एकदाच सापडला आहे.

नुकसानभरपाई आधी हेक्टरवर ठरली, हेक्टरी ५० हजार. म्हणजे गुंठ्याला ५००. आमच्याकडच्या वाड्या गुंठ्यांत मोजायच्या, त्यामुळे ओरड झाली. मग झाडावर ठरली: सुपारीला ५० रुपये, नारळाला २५०. आबांनी पडवीत बसून तोंडी हिशेब केला. १५,४०० रुपये. मी त्या महिन्यात वर्क फ्रॉम होमसाठी घेतलेलं टेबल-खुर्ची याहून महाग होतं. ते मी त्यांना सांगितलं नाही.

आधी सावली

बाबा परत गेले, मी ऑक्टोबरपर्यंत राहिले. नेटवर्क यायचं ते देवळामागच्या चढावर, तिथे दगडावर छत्री धरून मी कॉल घ्यायचे. मागून वानरांचा गोंधळ ऐकू यायचा आणि बॉस विचारायचा, घरी पाहुणे आलेत का? (वानरांवर आबांचा राग होता, बरं का. ‘निसर्गप्रेमी’ माणूस गलोल घेऊन बसायचा.)

मला वाटलं होतं, आबा आता हाय खातील. त्यांनी आधी काय केलं असेल तर मला केळीचे मुनवे आणायला पिटाळलं. पोफळीच्या रोपाला कोवळेपणी ऊन सोसत नाही. नेहमी मोठ्या पोफळींच्या सावलीत लहान रोपं वाढतात. इथे सावलीच गेली होती. म्हणून आधी केळी लावायची, त्यांची सावली पडली की मग रोपं. प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसून ते काठीने जागा दाखवायचे आणि मी खड्डे खणायचे. आयटीतल्या मुलीच्या हाताला फोड आले तेव्हा काकू खोबरेल लावून द्यायची आणि खुदुखुदू हसायची. वाचलेल्या पोफळींतल्या सर्वांत जुन्या झाडांची बेडी निवडून गादीवर रोपं केली. पुढच्या जूनमध्ये, २०२१ ला, मी मुद्दाम रजा काढून ती लावायला गेले.

‘आबा, या धरणार कधी?’

‘पाच-सहा वर्षं.’

मी मनात बेरीज केली आणि गप्प बसले. त्यांना कळलं. ‘तुझं वय किती असेल तेव्हा?’

‘बत्तीस.’

‘मग झालं.’

या सगळ्यात काका खलनायक नव्हता, हेही सांगते. सुपारीला वर्षानुवर्षं थांबायचं, खोलीचं भाडं आज रात्री मिळतं. पडलेल्या झाडांच्या जागी त्याला चार खोल्या आणि पार्किंग हवं होतं. त्याची दोन मुलं शिकतायत आणि वाडीवर घर चालत नाही, हे आकड्यांत कुणीही दाखवून देईल. आबांनी सहा गुंठ्यांना होकार दिला, सही केली. एकच अट: पार्किंगला कोबा घालायचा नाही, पाणी विहिरीत उतरायला हवं. आबा गेल्यावर वर्षभरात काकाने निम्म्या भागात कोबा घातलाच. गाड्या चिखलात रुतत होत्या म्हणे. उरलेल्या चौदा गुंठ्यांचं काय, हा विषय दर गणपतीत निघतो, आरतीआधी सुरू होतो आणि प्रसादापर्यंत आवाज चढलेले असतात. एकदा मुंबईचा एक एजंटही येऊन आकडा सांगून गेला. आकडा वाईट नव्हता. माझ्या फ्लॅटचे हप्ते डोळ्यांपुढे आले, खोटं कशाला बोलू?

मी वर्षातून चारदा जाते. आबांना ते पुरेसं वाटलं नसतं. शिंपणं काकू करते, पंप चालू करून पाट फिरवते, खोल्यांमधल्या पाहुण्यांचे मोदक वळून झाल्यावर.

२०२५ च्या नोव्हेंबरमध्ये एका दुपारी मी अप्रेझलच्या मीटिंगमध्ये होते आणि काकूचा व्हॉट्सअॅप आला. फोटो. भिंतीवरचं नवं कॅलेंडर, सुंभाची तीच पेन्सिल. चौकटीत काकूच्या गोलगोल अक्षरात लिहिलेलं: ‘पोय. दोन झाडं.’ मला तोवर ठाऊकच नव्हतं, आबांनंतर कॅलेंडर कुणी लिहितंय. मीटिंग संपल्यावर मी ते मोठं करून बघितलं. आधीच्या चौकटीही भरलेल्या होत्या. पाहुण्यांची संख्या, गॅस सिलिंडर, पाऊस, हळद्या.

‘कोणती दोन?’ मी विचारलं.

‘विहिरीजवळची,’ उत्तर आलं. ‘मामंजींनी तुझ्याकडून परत खणून घेतलेले खड्डे. तू चिडली होतीस ना, ती.’